आमोदला काय सोसतं

आमोद पळायचा. हे आधी सांगायला हवं, कारण हल्ली जो तो त्याच्या आजारापासून सुरुवात करतो.

तो नारायण पेठेत वडिलांबरोबर राहतो. एका विमा कचेरीत अपघातांचे दावे तपासतो. आमची ओळख कॉलेजच्या वाचनालयातली. मी मराठी घेऊन एम.ए. झाले, तो कॉमर्सचा. पुस्तकं तो नेमाने न्यायचा आणि न वाचता नेमाने परत करायचा.

पळताना तो कुणालाच मागे टाकू शकत नसे. पण थांबायचा नाही. त्याला आयुष्यात एक पूर्ण मॅरेथॉन पळायची होती. बेचाळीस किलोमीटर. जिंकायची नव्हती, पुरी करायची होती. अर्धी त्याची पळून झाली होती. त्यापुढे गेलं की पोट साथ सोडायचं.

आधी आम्ही त्यावर हसायचो. सिंहगड रस्त्यावरचे सगळे पेट्रोलपंप त्याला पाठ होते. कुठलं स्वच्छतागृह उघडं असतं, कुठल्याला कुलूप, कुठे पाणी नसतं. "मॅरेथॉनवाल्यांनी मार्ग ठरवताना मला विचारावं," तो म्हणायचा. मग त्याचं वजन उतरू लागलं. तपासण्या झाल्या. आजाराचं नाव कळलं: सिलिअॅक. गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की त्याच्या आतड्याचं अस्तर झिजतं. औषध नाही. गहू कायमचा बंद, कणभरसुद्धा चालणार नाही.

त्याचे वडील, दिगंबरकाका, शाळेत भूगोल शिकवायचे. आमोदची आई गेल्यापासून स्वयंपाक तेच करत. निदान झालं त्या संध्याकाळी त्यांनी कणकेचा डबा उचलून खालच्या दुर्गाबाईंना देऊन टाकला. पोळपाट, लाटणं, तवा, चाळणी, सगळं नवीन आणलं. स्वतःचीही पोळी बंद केली.

"अहो बाबा, तुम्ही खा ना पोळी," आमोद म्हणाला.

"एका घरात दोन धर्म नकोत."

दुर्गाबाईंकडून ते ज्वारीची भाकरी शिकले. पहिल्या भाकऱ्या कडेने फाटायच्या. "आयुष्यभर किनारपट्ट्या शिकवल्या," ते म्हणाले, "आता तव्यावर काढतोय." मी जेवायला बसले आणि चुळबुळ केली की म्हणायचे, "बसा सलोनीबाई. भाकरी आहे, मोबाइलवरून मागवलेली नाही. वेळ लागेल."

मग त्यांनी पळण्याचा आहार हाती घेतला. पळणारे खातात ती चिकट, गोड जेलची पाकिटं आमोदला सोसत नव्हती. खजुराने पोट फुगायचं. दुधाने तर लगेच धावपळ. काका एकेक पदार्थ करून बघत. मिठाची तांदळाची पेज. उकडलेलं रताळं. साळीच्या लाह्यांचे गुळातले लाडू. रविवारी सकाळी आमोद पळायचा आणि मी स्कूटरवरून पिशवी घेऊन मागे. घरी आलो की काका दारातच विचारायचे, "काय सोसलं?" पळालास किती, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

सगळ्यांत त्यांचा भरवसा ताकावर होता. लोणी काढलेलं पातळ ताक, सैंधव, जिरेपूड आणि हिंग. बाटली माझ्या हातात देताना म्हणायचे, "तुमच्या त्या परदेशी पाकिटांपेक्षा हे बरं. हिंग पोट धरून ठेवतो." आमोद तान्हा असताना रडला की त्याची आई बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायची आणि तो शांत व्हायचा. या घरात पोटदुखीवर हिंग, हे वारांच्या नावांसारखं होतं. त्यावर कुणी विचार करत नाही.

पण पोट ठीक राहिना. दोन महिने बरे जायचे, मग पुन्हा कळा. आमोद अधिक दुखतंय म्हणाला की काका आमटीत हिंग थोडा वाढवत.

हिवाळ्यातली मॅरेथॉन जवळ आली. आमोदने नाव नोंदवलं होतं. धायरी फाट्याच्या पुढे एका रविवारी तो माझ्यासमोर थांबला. मी स्कूटर उभी केली. तो रस्त्याच्या कडेला जांघेत हात रोवून उभा होता.

"पोट?" मी विचारलं.

"नाही गं. हाड."

मला ती थट्टा वाटली.

मांडीच्या हाडाला, खुब्यापाशी, तडा गेला होता. "पडलात का?" डॉक्टरांनी विचारलं. नाही. "धडक वगैरे?" नाही. मग त्यांनी हाडांची तपासणी केली. आतडं झिजलेलं असलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. आमोदची हाडं म्हाताऱ्या माणसासारखी झाली होती. ऑपरेशन करून स्क्रू घातले. चालाल, डॉक्टर म्हणाले. जिने चढाल. लांबचं पळणं मात्र मनातून काढून टाका.

आमोदने मान हलवली. दावा नामंजूर झाल्याचं लोक त्याच्याकडून ऐकून घेतात, तशी.

त्याच वेळी रक्ताचा रिपोर्ट आला. ग्लुटेनविरुद्धच्या अँटिबॉडीज प्रचंड वाढलेल्या. "तुम्ही गहू खाताय," डॉक्टर म्हणाले. काकांचा चेहरा लाल झाला. "आमच्या घराची झडती घ्या," ते म्हणाले. "गव्हाचा दाणा निघाला तर मी आपल्या दवाखान्यात झाडू मारीन."

डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. नम्रता मॅडम माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. त्यांनी आमोदला प्रश्न विचारला की उत्तर काका देत. ज्वारी कुठून आणता? स्वतः निवडून, ओळखीच्या गिरणीत सोमवारी सकाळी, गिरणी धुतल्यावर पहिलं दळण आपलं. सोया सॉस? "आमच्याकडे सॉस नाही, चिंच आहे." मॅडम हसल्या. मसाले? घरचे, भाजून, कुटून.

"हिंग कुठला वापरता?"

"पेठेतलाच. सुटा, पुडीतला. घरी आणून डबीत भरतो. का हो?"

"रोज?"

"हिंगाशिवाय आमटी असते का? आणि याच्यासाठी तर ताकातही. दुखायला लागलं की जरा जास्तच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी आमोदकडे पाहिलं. त्याला कळलं होतं. तो त्यांच्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. त्यांचं लक्ष काकांकडे होतं.

"काका," त्या हळू म्हणाल्या, "शुद्ध हिंग फार उग्र असतो. बाजारात मिळतो तो बहुतेक पिठात मळलेला असतो. कधी तांदळाच्या. पुष्कळदा गव्हाच्या."

पंखा फिरत होता. काकांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"एवढासा?" त्यांनी चिमूट करून दाखवली.

"रोज असेल तर पुरतो."

बाहेर आल्यावर आमोद कुबड्यांवर त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. "अहो बाबा, कुणालाच माहीत नव्हतं. मला नव्हतं. पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं नाही."

"रिक्षा बघ," काका म्हणाले.

त्या दिवसापासून ते ओट्यापाशी गेले नाहीत. आमोद कुबड्या टेकवून भात लावायचा. मी जमेल तेव्हा भाजी नेऊन द्यायचे. काका बाहेरच्या खोलीत बसून असत. एकदा आमोद चिडला. "बाबा, भाकरी तरी करा. भाकरीत काय आहे?"

"डब्यावाला लाव," ते म्हणाले. "परके लोक निदान दुखलं की वाढवून घालत नाहीत."

पुन्हा रक्त तपासायची वेळ आली तेव्हा रिपोर्ट आणायला मी बरोबर गेले. रिक्षात आमोदने पाकीट उघडलं. सगळे आकडे नॉर्मल. खरं तर पोट केव्हाच दुखायचं थांबलं होतं. वजन भरत होतं. मी "अरे वा" म्हणणार होते. तो कागदाची घडी करत राहिला.

"आता बाबांना पक्कं कळेल, हिंगच होता," तो म्हणाला.

घरी काका दारात उभे होते. "काय आलं?"

"अजून वाढलेलंच आहे," आमोद म्हणाला. "हिंग बंद करूनही. म्हणजे हिंगाचं नव्हतं, बाबा. दुसरंच काहीतरी आहे."

मी चपला काढत होते. वर बघितलं नाही.

"हिंगाचं नव्हतं," काका म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, विचारल्यासारखं. त्यांनी शर्टाच्या बाह्या दुमडल्या. "सलोनीबाई, आपण जेवूनच जा." किती दिवसांनी ते माझ्याशी असं बोलले. आतून कुकरची शिट्टी आली, डाळ घोटल्याचा आवाज आला. "त्या आहारवाल्या पोरीला काय कळतंय!" ते आतून म्हणाले. "घाबरवून सोडलं उगाच." ते गुणगुणत होते. आमोद भिंतीला टेकून बसून ऐकत होता. असा चेहरा मी त्याचा पळतानाही पाहिला नव्हता.

मग मोहरी तडतडली आणि वरच्या फळीवरून डबी काढल्याचा आवाज आला. हिंग त्यांनी टाकून दिलेला नव्हता.

आमोद उठला. पाय ओढत स्वयंपाकघराच्या दारात गेला. मी त्याच्या मागे. काकांची चिमूट कढईवर होती.

"बाबा, नका घालू."

"अरे, पण आता तर..."

"रिपोर्ट नॉर्मल आलाय."

काकांचा हात तसाच राहिला. मोहरी करपायला लागली. मी पुढे होऊन गॅस बंद केला.

"खोटं का बोललास?"

"तुम्ही इथे यावं म्हणून."

काकांनी चिमूट डबीत सोडली. नळाखाली हात धुतले. साबण लावून पुन्हा धुतले, आणि पुन्हा. पुसायला फडकं समोर होतं, ते त्यांना दिसेना. आमोदने ते त्यांच्या हातात दिलं.

"भात झालाय," काका म्हणाले. "तूप घ्या."

ते बाहेर गेले. आम्ही दोघं ओट्यापाशी उभ्यानेच भात-तूप जेवलो. आमोदने सगळा भात संपवला. त्याला काही झालं नाही.