सुट्या पानांचं इरलं

पुस्तक हातात आलं की इरलेवाल्या मावशी ते आधी कानाशी धरायच्या आणि हळूच हलवायच्या, नारळात पाणी आहे का बघावं तसं. आत एखादं पान सुटलेलं असलं तर त्याची सळसळ त्यांना ऐकू यायची. "ह्याचं एक पान घर सोडून निघालंय बघा," असं म्हणून त्या पुस्तक माझ्याकडे द्यायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं ठिकाणावर नाही. नंतर कळलं, त्यांचं कधीच चुकत नाही.

मी लोणावळ्यातल्या एका लहानशा वाचनालयाची ग्रंथपाल. पावसाळ्यात आमच्याकडे धुकंच सगळ्यांत नियमित सभासद. खिडकीतून आत येतं, कपाटांमधून फिरतं, वर्गणी काही देत नाही. त्या ओलीनं बांधणी सुटते, पानं गळतात. पानावर नुसता आकडा असतो, पुस्तकाचं नाव नसतं. मग ते कुठलं हे कोण सांगणार? अशी पानं मी एका खोक्यात टाकत असे. आमचे अध्यक्ष अप्पा तो खोका रद्दीत काढायला टपलेलेच होते.

मावशी चित्रकार. जन्म कार्ल्याचा, शिक्षण पुण्याचं, प्रदर्शनं मोठमोठ्या शहरांत मांडलेली. बोलणं मात्र शेताच्या बांधावरचंच राहिलं. वाचनालयात आपली चित्रं लावायची परवानगी मागायला आल्या, तो खोका दिसला आणि चित्रं विसरूनच गेल्या. फरशीवर बसून एकेक पान वाचत राहिल्या. चहावर साय धरली. शेवटी मान वर करून म्हणाल्या, "पावसात माणसाला इरलं असतंय. ह्यांला कोण हाय? मी करते ह्यांचं इरलं. ज्याचं त्याला घर घावंपातूर ऱ्हातील तितं."

भातलावणीला त्यांची आई पाठीवर घ्यायची तसंच ते होतं, बांबूच्या कामट्यांचं, फक्त दोन माणसं खाली बसतील एवढं मोठं. पळसाच्या पानांच्या जागी खोक्यातली पानं. ती दोऱ्यानं बांधायची. भोक पाडायचं नाही, डिंक लावायचा नाही. मी एकदा टाचणी पुढे केली तर केवढ्यांदा ओरडल्या! "टोचू नगा वो, त्येला परत घरी जायाचंय!"

श्रावणात ते इरलं आम्ही वाचनालयाच्या मधोमध छताला टांगलं आणि खाली चटई अंथरली. लोक येऊन खाली आडवे व्हायचे आणि डोक्यावरची पानं वाचायचे. बाहेर धुकं, आत त्या जुन्या कागदांतून झिरपणारा पिवळसर उजेड. कुणाची गोष्ट मधूनच सुरू, कुणाची मधेच संपलेली. माणसं बाहेर पडताना झोपेतून उठल्यासारखी दिसायची. अप्पा तेवढे दारात उभे राहून बजावायचे, "पावसाळा संपला की हे सगळं रद्दीत जाणार हं."

एके दुपारी आमचे एक सभासद, रेल्वेतले निवृत्त गार्ड, चटईवरून ताडकन उठून बसले. "अहो, हे माझं पान! खुनी कोण ते ह्याच्यावर आहे!" धावत कपाटापाशी गेले, पुस्तक काढलं, पान लावून पाहिलं, तर बरोबर बसलं. मग काय, सगळ्यांनाच नाद लागला. रोज कुणीतरी एक पान ओळखायचं, सोडवून न्यायचं, आणि इरलं विरळ होत चाललं. आता अप्पाच कासावीस झाले. "मावशी, लोक तुमची कलाकृती तोडून नेतायत!"

"नेऊ द्या अप्पा. इरल्याची पानं दर साली बदलायचीच असत्यात. कामट्या टिकल्या म्हंजे झालं."

पुढे अप्पाही चष्मा लावून त्या चटईवर पडलेले दिसू लागले. रद्दीचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

दर पावसाळ्यात नवी पानं सुटायची, इरल्यात चढायची, घरी जायची. एक पान मात्र कुणालाच ओळखता येईना. संध्याकाळची वेळ, बाई घरात एकटी, दारावर थाप पडते, ती कडीला हात घालते आणि पान संपतं. मावशींचा जीव त्या पानात अडकला होता. कार्ल्याहून आल्या की आधी त्याच्याखाली बसायच्या. "कोण आलं आसंल वो?" कधी म्हणायच्या भाऊ आला असेल, कधी रुसून गेलेला नवरा. एकदा म्हणाल्या, "न्हाई तर शेजारीण आसंल, इरजण मागाया आल्याली." आम्ही सगळे पोट धरून हसलो होतो.

गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. त्या पानाचं घर सापडायचं राहूनच गेलं, याची मला फार हळहळ वाटली.

परवा पुस्तकांना ऊन दाखवत होते. तळातलं एक बिनकव्हरचं पुस्तक सवयीनं उघडून चाळलं, तर मधलं एक पान नव्हतं. आकडा ओळखीचा वाटला. पुढच्या पानाची पहिली ओळ वाचली. बाईनं दार उघडलं होतं. बाहेर शेजारीण उभी होती, हातात रिकामी वाटी. विरजण मागायला आली होती.

मी एकटीच मोठ्यानं हसले. मग पुढची अक्षरं दिसेनात.

संध्याकाळी इरल्याखाली बसून ते पान आणि पुढचं पान मी मोठ्यानं वाचलं. मग दोरा सोडला, खळीचं बोट फिरवून पान जागेवर बसवलं आणि वाळू दिलं. आज सकाळी ते पुस्तक कानाशी धरून हलवून पाहिलं. आत काहीसुद्धा वाजलं नाही.