भोगीची भाजी आणि एक हाक

पोस्टिंग काश्मीरच्या बर्फात होतं. संभाजीनगर जिल्ह्यातले आम्ही तिघं: लांगरी शिंदेमामा गंगापूरचे, लान्सनायक जाधव वाळूजचा, मी फुलंब्रीचा, सिग्नलमन. लांगरी म्हणजे फौजेचा स्वयंपाकी.

संक्रांतीचा आदला दिवस, भोगी. पोर्टरनं गाजर, वांगी आणि मटार पाठीवरून आणले होते, तीळ मामांच्या घरून आले होते. ही भाजी सोपी आहे. थोड्या तेलात जिरं, मग सगळ्या भाज्या एकाच पातेल्यात, वरून तिळाचं आणि दाण्याचं कूट. मसाल्याचा थाट नाही. डबाबंद खाऊन आमची पोटं बिघडली होती, त्यामुळे सगळे पातेल्याभोवती घुटमळत होते. मामा डाव उगारून हाकलत होते.

सकाळी जाधव दोन जवानांसह पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर गेला. दुपारी धुकं उतरलं आणि बंकरच्या दारासमोरचा, बर्फात धरून चालायचा हातदोर दिसेनासा झाला.

"चार्ली टू, लोकेशन सांगा. ओव्हर."

खरखर. पुन्हा विचारलं. खरखरच.

सुभेदारसाहेब म्हणाले, "कोणी बाहेर जाणार नाही. धुकं हटेपर्यंत थांबायचं."

मामांनी पातेलं उतरवलं, नैवेद्य काढून ठेवला. "पोरं आल्याबिगर कुणी जेवायचं नाय."

तेवढ्यात दरीच्या बाजूनं हाक आली. स्पष्ट, जाधवच्या आवाजात.

"मामा, वाढा!"

पेट्रोल परतायची वाट डोंगराच्या बाजूनं होती. शिवाय आमच्याकडं एकट्या हाकेला ओ देत नाहीत. तीन हाका आल्या तरच माणूस समजायचा. हा नेम फौजेत आम्हाला मामांनीच लावला होता. आम्ही त्यांची टर उडवायचो.

"मामा, अजून दोन हाका होऊ द्या," मी म्हणालो.

"अन् तिसरी मारायला त्याच्यात दम नसला तर?" मामा म्हणाले. त्यांनी "आलो रं!" अशी ओ दिली आणि हातातल्या डावासकट बाहेर पडले. साहेब ओरडले. मी दारापर्यंत धावलो. पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. दोर थोडा वेळ हलला आणि थांबला.

थोड्या वेळानं जाधव आणि दोघं जवान आत आले, डोंगराच्या बाजूनं. तिघंही धड होते.

साहेबांनी विचारलं, "हाक कोणी मारली?"

"साहेब, आमचे गळे बसलेत. कुणी बोललंच नाही," जाधव घोगऱ्या आवाजात म्हणाला. मग त्यानं पातेल्याकडं पाहिलं. "मामा कुठंयत?"

मी दाराबाहेरच्या दोराकडं बोट दाखवलं.

धुकं हटल्यावर दिसलं. दोर संपला तिथून पुढं मामांची पावलं होती आणि कड्यावरचा बर्फ तुटला होता. ते खाली दरीत सापडले. ती हाक कोणाची होती, हे मला आजही कळलेलं नाही. आम्ही पाच जणांनी ती ऐकली होती. ती आठवली की अजून भीती वाटते.

पुढच्या भोगीला मी आणि जाधव गंगापूरला त्यांच्या घरी गेलो. मामींनी विचारलं, "शेवटी काय खाल्लं व्हतं त्यांनी?"

"भोगीची भाजी. पोटभर," मी म्हणालो.

मामींनी मान हलवली.

"खोटं बोलू नगा, भाऊ. समदे जेवल्याबिगर त्यांनी कदी घास उचलला नाय."

मग त्यांनी तिघांची ताटं वाढली. तिसरं मामांचं होतं. म्हणाल्या, "आता तुमी जेवा. तवा ते जेवतील."