प्रमिलाने थांबवलेली साक्ष

प्रमिला गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिच्या मुलाने सांगितलं, मी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. मग उरलेली जुडी निवडली, धुतली, चिरली, फोडणीला टाकली... आणि झाकण ठेवल्यावर रडायला बसले. प्रमिला असती तर आधी गॅस बारीक कर म्हणाली असती. भाजी करपली ती करपलीच. या गोष्टीला आता दीड-दोन महिने झाले. तिच्याविषयी लिहा असं पुरवणीवाल्यांनी सांगितलं तेव्हा मी आधी नाही म्हटलं, कारण तिच्याबद्दल सांगायचं तर एक जुना रविवार सांगावा लागतो, आणि त्यात माझ्या मुलीची खाजगी गोष्ट येते. मुलीला विचारलं. ती म्हणाली, "लिही की. आता काय लपवायचं?"

आम्ही दोघी शरणपूर रोडच्या मागे एकाच गल्लीत राहायचो. प्रमिला सटाण्याची. लग्न होऊन नाशकात आली, शाळेत शिवण शिकवायला लागली, बोलणंही शहरी झालं. पण राग आला की तिची अहिराणी उफाळून यायची आणि समोरचा निम्मा गारद व्हायचा. रविवारी ती देवळात पेटी वाजवायची. आम्ही ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो. आमच्या उपासनेत साक्षीची वेळ असते. देवाने आपल्यासाठी काय केलं ते ज्याला सांगायचं असेल त्याने उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं. साक्ष देणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही, हा नियम. आता आमच्यातले एक निवृत्त काका पोटदुखी बरी झाल्याची साक्ष थेट आपल्या पहिल्या नेमणुकीपासून सुरू करायचे. अशा वेळी प्रमिला हळूच भाता मारून गीत सुरू करायची. पेटीचा सूर आला की मंडळी सवयीने उभी राहून गायला लागायची आणि काका हसत खाली बसायचे. हा अधिकार तिला कुणी दिलेला नव्हता, पण तो आहे असं सगळे धरून चालायचे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हा आमच्याकडे उपदेश करणारे एक ब्रदर आले. मी त्यांचं नाव लिहिणार नाही. तरुण, गोरेगोमटे, गिटार वाजवणारे. कॉलेज रोडला एक हॉल घेऊन ते फक्त तरुणांच्या सभा घ्यायचे. आईबापांना मज्जाव नव्हता, पण गेलात तर पोरं अशी बघायची की परत जाऊ नये. सुरुवातीला आम्ही खूशच होतो. पोरं टीव्ही सोडून प्रार्थना करतात म्हटल्यावर कोण तक्रार करणार? बोलणाऱ्याची माती विकली जाते म्हणतात, आणि हा माणूस तर बोलण्यात लोणी होता. मग हळूहळू घराघरातून ऐकू यायला लागलं. एकीची मुलगी म्हणे, आई-वडील कोमट विश्वासाचे, देवळातलं प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस, तेसुद्धा त्यांच्या शेजारी बसून घ्यायचं नाही. एकाने बारावीचा अभ्यास सोडला, कारण प्रभू लवकरच येणार. मी स्वतः रोज गुडघे टेकून प्रार्थना करणारी बाई आहे, हे इथेच सांगते. त्यामुळे नक्की काय खटकतंय ते बोट ठेवून सांगताही येईना.

माझ्या प्रीतीला लहानपणापासून फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून आल्या नव्हत्या, पण डॉक्टरांनी बजावलं होतं, गोळी एकदम बंद करायची नाही, जिवावर बेतेल. हे आमच्या घराबाहेर फक्त प्रमिलाला माहीत होतं. मुलीची जात, उद्या लग्न व्हायचं. फिटचं नाव चारचौघांत काढायचं नाही, ही माझ्या सासूबाईंची ताकीद होती आणि आम्ही सगळ्यांनी ती पाळली. प्रीती हॉलवरच्या सभांना जायला लागली आणि तिने मात्र ते ब्रदरना सांगितलं. एका सकाळी दात घासायला गेले तर बेसिनमध्ये अर्धी विरघळलेली गोळी. ती माझ्यासमोर तोंडात टाकायची आणि मागे जाऊन थुंकायची. किती दिवस चाललं होतं कोण जाणे. मी तिला समोर बसवून विचारलं.

"मी बरी झाले आहे," ती शांतपणे म्हणाली. "ब्रदरनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. आता गोळी घेणं म्हणजे अविश्वास."

"आणि फिट आली तर?"

"येणार नाही. या रविवारी देवळात मी साक्ष देणार आहे. लोकांसमोर बोललं की त्याच्यावर शिक्का बसतो. त्यानंतर गोळी घेतली तर मी देवाला खोटं ठरवलं असं होईल."

तिच्या या बोलण्याने मला खरी भीती वाटली. माझी पोर शब्दाची पक्की होती. एकदा मंडळीसमोर उभी राहून बोलली असती तर मेली असती, पण गोळी घेतली नसती. तिचे वडील रेल्वेत, इगतपुरीला, रविवारीही ड्युटीवर. रागवावं तर ती हॉलवर जाऊन राहील, गप्प बसावं तर... धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी न्हाणीघराची आतली कडी काढून टाकली. ती स्टोव्हजवळ गेली की मी काहीतरी निमित्त काढून मागे उभी राहायची. तो सगळा आठवडा मी तिच्याकडे बघत जगले.

प्रमिलाला सांगितलं, तर ती मात्र उठून थेट हॉलवर गेली. पोरांनी टकामका बघितलं तरी शेवटच्या खुर्चीवर बसून तिने सगळी सभा ऐकली. येताना तोंड लालबुंद.

"शास्त्र चुकीचं नाही गं वाचत तो," ती म्हणाली. "अर्धं वाचतो. देव बरं करतो तिथपर्यंत वाचतो आणि पुस्तक मिटतो. डॉक्टर कुणी घडवला मग, सैतानाने?"

ती पाळकसाहेबांकडे, आमच्या देवळाच्या धर्मगुरूंकडेही जाऊन आली. पाळकसाहेब भला माणूस, पण भित्रा. तरुणांमुळे बाकं भरत होती, म्हणून त्यांनीच त्या रविवारी ब्रदरना व्यासपीठावर बोलावलं होतं. "साक्ष थांबवता येत नाही, बाई," एवढंच ते म्हणाले.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. ब्रदर पुढे, त्यांच्यासमोर तरुणांच्या रांगा. एकेक साक्ष होत होती आणि पोरं "आमेन" म्हणून बाकं दणाणून सोडत होती. प्रीती उठली. पांढरा पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढणी. "सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम," ती म्हणाली. "माझं नाव प्रीती. मला सांगायचंय की लहानपणापासून मला..."

आणि पेटी वाजली.

हळूच वगैरे नाही, पूर्ण भाता दाबून. उपासना संपवताना म्हणायचं शेवटचं गीत, जे आमच्या लेकराबाळांना पाठ आहे. मंडळी उभी राहिली. का उभे राहिलो याचा विचार कुणीच केला नाही. तो सूर आला की पाय उठतातच. प्रीती तोंड उघडं ठेवून तशीच उभी. कडवं संपलं, तिने पुन्हा "मला" म्हटलं, प्रमिलाने दुसरं कडवं घेतलं. मग तिसरं. ब्रदर पुढे येऊन ओरडले, "सिस्टर, पवित्र आत्म्याला अडवू नका!" प्रमिलाने मान वर केली नाही. चौथं कडवं संपलं की गीतच संपणार होतं. तेवढ्यात, देव त्यांचं भलं करो, पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले आणि आशीर्वाद दिला. आशीर्वाद झाला की उपासना संपली. त्यानंतर देवळात साक्ष होत नाही.

बाहेर ब्रदरनी प्रमिलाला गाठलं. "तुम्ही पाप केलंत."

"असेल. ते मी आणि माझा देव बघून घेऊ," प्रमिला म्हणाली. पुढे अहिराणीत जे म्हणाली ते छापण्यासारखं नाही.

त्याच आठवड्यात प्रीतीला स्वयंपाकघरात फिट आली. मी शेजारीच होते म्हणून डोकं फरशीवर आपटायचं वाचलं. शुद्धीवर आल्यावर ती भिंतीला टेकून बसली. मग पुटपुटली, "मी अजून लोकांसमोर बोलले नव्हते ना, आई?" मी म्हटलं, "नाही, बाळा." तिने हात पुढे केला. मी तळहातावर गोळी ठेवली.

याची किंमत प्रमिलाने भरली. तरुण संघाने गिल्ला केला, कमिटीने तिला पेटीवरून उठवलं, कीबोर्ड आला. वर्षभराने ब्रदर दुसऱ्या शहरात निघून गेले, पण पेटी तिला परत मिळाली नाही. ती रविवारी माझ्याशेजारी बसायची आणि बोटं मांडीवर चालवायची. प्रीती तर तिच्याशी बोलायचीच बंद झाली. गोळी घेत होती, पण सगळ्यांसमोर आपल्याला गप्प केलं, हे तिला गिळवलं नाही. मी मध्ये पडले की प्रमिला म्हणायची, "राहू दे. जिवंत राहून रागवतेय ना? रागवू दे." नाताळला प्रमिलाकडून करंज्यांचा डबा मात्र दर वर्षी यायचा. पुढे प्रीतीचं लग्न झालं, शाळेत नोकरी लागली. जावयाला सगळं सांगूनच लग्न केलं. तरीही या दोघींचं बोलणं "सलाम, मावशी" आणि "सलाम, बाळ" याच्यापुढे कधी गेलं नाही, आणि मग प्रमिला गेली. याचं मला फार वाईट वाटतं.

प्रमिलाच्या घरी प्रार्थना ठेवली होती. तीच तिची पुढची खोली, खिडकीशी शिलाई मशीन, भिंतीला टेकवलेल्या आमच्या सगळ्यांच्या घरून आणलेल्या खुर्च्या. पाळकसाहेब आता नवीन आहेत. त्यांनी विचारलं, कुणाला प्रमिलाबाईंविषयी काही बोलायचंय का? मागून प्रीती उठली. मला तिने काहीच सांगितलं नव्हतं.

"माझं नाव प्रीती," ती म्हणाली. "मला फिट येतात. मी रोज गोळी घेते. मला दोन मुलं आहेत. मी आज इथे उभी आहे ती प्रमिलामावशीमुळे, आणि हे मी तिला कधी सांगितलं नाही." "देवाची स्तुती असो," म्हणून ती खाली बसली.

फिटचं नाव आमच्या मंडळीत असं मोठ्याने पहिल्यांदाच निघालं होतं. माझ्या शेजारी प्रमिलाची थोरली बहीण बसली होती, सटाण्याहून आलेली. आमच्यातलं कुणी तिच्या ओळखीचं नव्हतं. तिने माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं, "कोनी पोर शे ही?"

एवढ्याशा खोलीत ते सगळ्यांना ऐकू गेलं.

"माझी," मी म्हटलं. "माझी मुलगी आहे."