कुशीवर वळवताना

नव्या गादीच्या रेक्झिनचा वास आला की मला बुऱ्हाणपूरच्या एका खासगी दवाखान्यातली दुपार आठवते. माणसं नेमायचं काम माझ्याकडे नुकतंच आलं होतं आणि वॉर्डात सहायिकेची एकच जागा होती. मेट्रनबाईंनी मलाच खाटेवरच्या नव्या गादीवर झोपायला लावलं. "समजा, हे लकव्याचे पेशंट. वळवून दाखवा," त्या उमेदवारांना म्हणाल्या. बाहेर रस्त्यावर केळ्यांनी भरलेले ट्रॅक्टर खडखडत होते. पहिल्या दोघींनी मला पुस्तकात दाखवतात तसं नीट वळवलं, पण एक शब्द न बोलता, आणि छताऐवजी एकदम भिंत समोर आली तसा मी दोन्ही वेळा दचकलो. तिसरी बाई जवळच्या दापोरा गावची होती. तिने अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना चार वर्षं सांभाळलं होतं. "भाऊ, आता डाव्या कुशीवर घेते. बिलकुल घाबरू नका," ती म्हणाली, आणि मी कधी वळलो ते मला कळलंही नाही. तिच्याकडे रुग्णसेवेच्या कोर्सचं सर्टिफिकेट नव्हतं. मेट्रनबाईंना तीच हवी होती, पण नियम दाखवून मी पहिल्या मुलीला घेतलं. दापोऱ्याच्या बाईला तसं सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "ठीक आहे सर. कोर्स कुठं होतो ते लिहून द्या." मी लिहून दिलं. ती पुन्हा आली नाही. आता मुलाखतीचे फॉर्म मीच बनवतो, आणि सर्टिफिकेटच्या रकान्याच्या वर एक प्रश्न असतो: हात लावण्याआधी उमेदवाराने रुग्णाला सांगितलं का?