बेलझेबबचं मूळ नाव

आमच्या अमेरिकेतल्या ट्रॉयच्या घरी मांजर आलं ते नाव घेऊनच. शेल्टरवाल्यांनी त्याचं नाव बेलझेबब ठेवलं होतं. मी आयटीतली नोकरी सोडून हिब्रू आणि तिच्या बहिणी-भाषांत पीएचडी करतेय, त्यामुळे त्या नावावर खूश झालेली घरात मी एकटीच. नागपूरहून आलेल्या सासूबाईंनी अर्थ विचारला. माझ्या नवऱ्यानं गूगल करून सांगितलं, "सैतान."

रविवारी घरी सत्यनारायण होता. पूजेच्या घरात सैतान नको, त्याला मन्या म्हणा, असं सासूबाईंनी जाहीर केलं.

मी भाजी चिरता चिरता त्यांना सांगितलं, की हे नाव मुळात बाल-झबूल. बाल म्हणजे मालक, स्वामी. हिब्रूत नवऱ्यालाही तोच शब्द. (इथे नवऱ्यानं उगाच कॉलर ताठ केली.) झबूल म्हणजे राजा. असा तो पाऊस पाडणारा, लोकांचा देव. ज्यांना तो नको होता त्यांनी एक अक्षर फिरवून झबूलचं झबूब केलं. झबूब म्हणजे माशी. देव झाला माश्यांचा मालक, आणि पुढे चक्क सैतान. बऱ्याच अभ्यासकांना असं वाटतं. माझ्या गाईडनाही वाटतं, म्हणून मलाही वाटतं.

"म्हणजे देव चांगला होता. नाव दुसऱ्यांनी बिघडवलं," सासूबाई म्हणाल्या.

पूजेला आलेल्या एका काकूंनी मांजराचं नाव विचारलं. मी मन्या म्हणणार, तेवढ्यात सासूबाईंनी पूर्ण नाव सांगितलं, आणि वर माझा अख्खा प्रबंध दोन मिनिटांत उरकला. मला तीन वर्षांत जमलं नव्हतं. काकूंनी बेतानं मांजराला नमस्कार केला.

पाहुणे गेल्यावर भांडी पुसताना सासूबाई म्हणाल्या, "माझंही बदललं होतं. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं. मला कुणी विचारलं नाही. आधीचं छान होतं."

मी विचारलं तेव्हा त्यांनी ते सांगितलं. दोनच अक्षरं. इतक्या वर्षांत मी ते ऐकलंच नव्हतं, आणि नवऱ्यानंही नाही.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर त्यांनी नागपूरला असलेल्या सासऱ्यांना विचारलं, "माझं माहेरचं नाव आठवतं का?" सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मोठ्या आत्मविश्वासानं स्वतःच्या मेहुणीचं नाव सांगितलं.

"नेट गेलं वाटतं," म्हणत सासूबाईंनी फोन बंद केला. मग माझ्याकडे वळल्या.

"तू तरी लक्षात ठेव."