टाकी भरली की जड होणारा क्लच

माझ्या वडिलांचा डावा हात गेला, असं मी चारचौघांत जाहीर केलं होतं. हात चांगला होता. चुलीवरचं पातेलं ते त्याच हाताने उतरवत होते, आणि तरीही मी जाहीर केलं.

बाबा मूर्तिजापूरजवळच्या आमच्या खेड्यात एकटे राहतात. मी नोकरीमुळे अकोल्यात, जठारपेठेत. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने आमच्याकडे बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालतं. आमच्या गावात वाचणारे चार आहेत, शेजारच्या गावात कोणीच नव्हतं. म्हणून बाबा पाच किलोमीटर मोटारसायकलने तिथे जायचे. स्वच्छ धोतर, खणखणीत आवाज, समोर पन्नासएक माणसं. आई गेल्यावर माणूस उभा राहिला तो या वाचनावर. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणून सुटका करून घेता येणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या जुन्या गाडीची क्लचची वायर तुटली. रविवार होता, मी घरी होतो. मोबाइलवर दोन व्हिडिओ पाहिले आणि नवी वायर स्वतःच टाकली. अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालेला माणूस कसा दिसतो, ते त्या दिवशी आमच्या अंगणात पाहायला मिळालं असतं. बाबांनी शेजाऱ्याला मुद्दाम बोलावून दाखवलं, "पोरानं टाकली."

आठवड्याने त्यांचा फोन आला. "क्लच लय जड लागून राह्यला. पहिला गेर टाकला का गाडी झटका मारते. अन् उभ्या गाडीत न्यूट्रल सापडतच नाई."

"नवी वायर हाय बाबा. काही दिवस जड लागतेच."

पुढच्या वेळी म्हणाले, "टाकी भरली का अजून जड होते."

यावर मी हसलो. नुसता हसलो नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसात चहा पिताना चौघांना सांगून त्यांनाही हसवलं. टाकीचा आणि क्लचचा काय संबंध? नाचता येईना अंगण वाकडं! घरी गेलो तेव्हा गाडीवर गावाला एक चक्कर मारून आलो. थोडा जड वाटला, पण चालण्यासारखा. टाकीतलं पेट्रोल तळाला गेलं होतं, याचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

मग हात दाखवायला बाबांना अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी बोटं ओढली, मनगट फिरवलं, पंजा दाबायला लावला. म्हणाले, वयाच्या मानाने हात उत्तम आहे. मी त्यातलं 'वय' तेवढं ऐकलं. येताना रबरी चेंडू घेतला आणि बाबांना रोज दाबायला सांगितला. ते दाबत राहिले. सकाळ-संध्याकाळ, ओट्यावर बसून, शंभर वेळा. मी फोन करून विचारायचो, चेंडू दाबला का? शाळेतल्या पोराला विचारावं तसं.

वर्षावास लागला. पहिल्याच आठवड्यात त्या गावच्या चढावर गाडीने झटका मारला आणि बाबा पडले. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. मला निमित्त मिळालं. मी किल्ली काढून घेतली, त्या विहारात जाऊन मंडळींना सांगितलं, "बाबाचा हात गेला आता. तुमी दुसरा वाचणारा पाहा." बाबा शेजारीच बसले होते. मंडळींनी हळहळ व्यक्त केली आणि तिथल्या शाळेत नव्याने आलेल्या गुरुजींना वाचायला बसवलं.

गाडी मी अकोल्याला आणली आणि ऑफिसला वापरू लागलो. पहिल्याच दिवशी टाकी फुल्ल केली. चौथ्या दिवशी माझं मनगट दुखायला लागलं. बेचाळिशीतलं, धडधाकट मनगट.

तरी मी महिनाभर क्लच प्लेटला दोष देत राहिलो. शेवटी गल्लीतल्या मेकॅनिककडे गेलो. त्याने आधी इंजिनाकडचं वायरचं टोक सोडवलं आणि तिथली कांडी हाताने ढकलली. सहज हलली. "प्लेट चांगल्या हायेत. दोष वायरीत हाय," तो म्हणाला. मग सीट काढली, टाकी उचलली. वायर टाकीच्या बाजूने जायला हवी होती, ती टाकीखाली फ्रेमवर आडवी गेली होती. चेपून चपटी झालेली, वरचं आवरण फाटलेलं. टाकी जितकी भरलेली, तितकी ती दबणार. म्हणून क्लच पुरता सुटत नव्हता आणि गेर अडत होते.

"कोन्या गधड्यानं टाकली ही?" त्याने विचारलं.

"गावातल्या मेकॅनिकनं," मी म्हणालो.

बाबांशी मात्र खोटं बोललो नाही. नवी वायर बसवलेली गाडी गावी नेऊन अंगणात लावली आणि सगळं सांगितलं. ते गाडीवर बसले, दोन बोटांनी क्लच दाबला, सोडला, पुन्हा दाबला. बराच वेळ तेच करत होते. मला वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्या लोकाईले तू सांगतलं व्हतं, माया हात गेला मनून," ते म्हणाले. "आता तूच सांग, वायर कोनं टाकली ते."

वर्षावासाच्या समाप्तीला आम्ही त्या गावी गेलो. गाडी बाबांनी चालवली, मी मागे. एकही झटका नाही. वंदना झाल्यावर मी उभा राहिलो. समोर तीच माणसं होती, माझ्या नोकरीचा मान ठेवणारी. मी म्हणालो, "गाडीची वायर खराब झाली व्हती. आता चांगली केली."

पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग हाताचं काय?"

माझ्या तोंडून गेलं, "आता वय बी झालंच नं."

लोक हसले. बाबाही हसले. शेवटचं वाचन गुरुजींनीच केलं, आणि समाप्तीची खीर मी दोनदा घेऊन खाल्ली.

त्यानंतर बाबांनी गाडीला हात लावला नाही. ती ओट्याजवळ उभी आहे, क्लच लोण्यासारखा. त्या गावचं कोणी भेटलं आणि वाचायला काहून येत नाही म्हणून विचारलं, तर मी काही बोलायच्या आत तेच सांगून टाकतात, "हात चालत नाई आता."