भातलावणीतले अर्ज

गेल्या वर्षी आमच्या कॉलेजचे शिपाई वारले.

मुरबाडकडच्या वाड्यांवर प्रवेशाच्या दिवसांतच भातलावणी चालते, त्यामुळे मुलींना कॉलेजात येता येत नाही. म्हणून ते कोरे अर्ज घेऊन बांधावर जायचे. “बारावी झाली ना गो? मंग पुढं काय?” असं विचारून उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहायचे.

अर्ज घ्यायच्या खिडकीत मी कारकून होतो. एका वर्षी शेवटच्या दिवशी त्यांनी आणलेला एका मुलीचा अर्ज मी परत केला. त्यावर चिखलाचे डाग होते.

“सर, सही तिचीच हाय, चिखल तेवढा आमचा,” ते हसून म्हणाले.

“नवीन भरून आणा.”

ते पुन्हा वाडीवर गेले. परतले तेव्हा मी खिडकी बंद करून निघालो होतो. मी ती उघडली नाही.

त्या मुलीचं वर्ष गेलं, पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं. तेव्हापासून शिपायांच्या पिशवीत पाण्याची बाटली आणि पंचा असायचा, सहीआधी मुलींना हात धुवायला. मी ते पाहत होतो, पण माफी मागितली नाही.

आता बांधावर कोणी जात नाही. खिडकीत मी बसतो. अर्ज कमी येतात, आणि ते स्वच्छ असतात.